न सांगितलेलं वादळ

हर्षाली ओतूरच्या कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायची, पण गावात तिची ओळख त्यामुळं नव्हती. गावात तिला "पावसाची मॅडम" म्हणायचे, आणि हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं.

हवामानाचा नाद तिला लॉकडाऊनमध्ये लागला. घरात बसून बसून तिनं पायथन शिकून घेतलं आणि मग त्या शिकण्याला काहीतरी काम हवं म्हणून फुग्यांचे आकडे उतरवायला लागली. मुंबईत आणि आणखी काही शहरांत रोज पहाटे एक मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता तिथलं तापमान, ओलावा, वारा असं सगळं खाली कळवत राहतं. हे आकडे नेटवर कुणालाही मिळतात. हर्षालीचा प्रोग्रॅम ते आकडे उचलायचा, खालच्या टोकाला आपल्या भागातलं दुपारचं अंदाजे तापमान आणि ओलावा घालायचा आणि स्क्रीनवर एक तिरका आलेख काढायचा. जमिनीलगतची तापलेली हवा वर निघाली तर भोवतालच्या हवेपेक्षा किती गरम राहील, किती जोरात उसळेल, ते त्यात लाल रंगानं भरलेलं दिसायचं. लाल पट्टा जेवढा रुंद तेवढी वादळाची ताकद जास्त. पहिल्यांदा तो पट्टा बिनचूक उमटला तेव्हा ती एकटीच टाळ्या वाजवत बसली होती.

यात्रेच्या दिवशी सकाळी हा पट्टा एवढा रुंद आला की तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. तिचे वडील धर्माजी यात्रा कमिटीत होते. ती धावत त्यांच्याकडे गेली.

"अण्णा, आज दुपारी मोठं वादळ व्हणार. विजा पडतील. शर्यतीच्या घाटात हजारो माणसं उघड्यावर असतील. शर्यत उद्यावर ढकला."

धर्माजींनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता पंचांकडं गेले. त्यांचा शब्द गावात चालायचा. बैलगाड्यांची शर्यत दुसऱ्या दिवसावर गेली. आंबेगाव, खेडकडून टेम्पोत बैल घालून आलेले गाडामालक वैतागले. काहीजण तसेच माघारी गेले.

आणि त्या दिवशी आभाळात एक ढग आला नाही. दुपार कोरडी गेली, संध्याकाळ स्वच्छ गेली. देवळापुढं माणसं जमली तेव्हा लाउडस्पीकरवरनं कुणीतरी म्हणालं, "पावसाच्या मॅडमना विनंती हाय, उद्या तरी शर्यत व्हऊ द्या!" सगळं पटांगण हसलं. हर्षाली बायकांच्यात उभी होती. तीही हसली, कारण न हसता उभं राहणं त्याहून अवघड होतं. कानशिलं तापली होती. समोर स्पीकरच्या खांबाशी अण्णा उभे होते आणि ते खाली मातीकडं बघत होते.

घरी अण्णा नेहमीसारखे जेवले. हात धुताना एवढंच म्हणाले, "परत गावात कुणाला काय सांगत जाऊ नको."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढं कितीतरी दिवस ती चूक शोधत बसली, आणि ती सापडली तेव्हा एवढी साधी निघाली की तिला रडू आलं. तिनं हवेची ताकद मोजली होती, पण त्या हवेवर बसलेलं झाकण मोजलंच नव्हतं. कधी कधी वर मध्येच कुठंतरी उबदार हवेचा एक थर असतो. खालची हवा कितीही तापली तरी तो थर तिला वर जाऊ देत नाही. यात्रेच्या दिवशी तो थर जाड होता. तिनं प्रोग्रॅममध्ये त्याचा हिशोब घातला, आलेखात तो निळ्या रंगानं दाखवला, मागची सगळी वादळं तपासून बघितली. आता बरोबर जमत होतं. पण सांगणार कुणाला? अण्णांपुढं तर लॅपटॉप उघडायचीही तिला चोरी झाली होती.

देवळापुढच्या त्या हसण्यात एक माणूस सामील नव्हता. जुन्नरचे कासमभाई. मांडवाचं काम त्यांच्या घराण्यात पूर्वीपासून चालत आलेलं. पंचक्रोशीतल्या लग्नांचे, सप्त्यांचे मांडव तेच घालायचे. यात्रेचा मांडवही त्यांचाच होता. यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते मुद्दाम तिच्या दारात आले होते.

"बेटा, काल तुझं ऐकून मी छताचं कापड उतरवून ठेवलं व्हतं. न्हाई आला पाऊस तर माझं काय गेलं? पुन्हा चढवलं. माझी पोरगी सांगत व्हती, हे लई अवघड काम हाय म्हणून. पुढच्या खेपेला पण मला सांगत जा."

त्यांची पोरगी तहरीम हर्षालीच्याच कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला होती. कासमभाईंनी हर्षालीचा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला, दोनदा विचारून, नीट.

मे महिन्यात गावातल्या रत्नाबाईंच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न निघालं. मुहूर्त संध्याकाळकडचा, मांडव शाळेच्या मैदानात, काम कासमभाईंचंच. हर्षाली आणि अश्विनी बरोबरच्या. त्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या सवयीनं तिनं प्रोग्रॅम चालवला.

लाल पट्टा यात्रेच्या दिवसाइतकाच रुंद होता. निळा मात्र जवळजवळ नव्हताच. तिनं दुपारचं तापमान थोडं कमी घालून बघितलं, थोडं वाढवून बघितलं. ओलावा कमी केला. निळी रेघ किंचित जाड झाली एवढंच. तिनं आकडे पुन्हा उतरवले, प्रोग्रॅम ओळ ओळ वाचला. चूक असावी असं तिला मनापासून वाटत होतं. चूक नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

"बेटा, कासम बोलतोय. पावणं म्हनतात, पश्चिमेकडून ऊन लई येतंय, तिकडच्या बाजूला कनातीचा पडदा बांधा. मला जरा शंका वाटते. कनात बांधली की वारं आत भरतं, सगळा मांडव शिडासारखा फुगतो. वारं न्हाई तर काय प्रश्न न्हाई. तुझं मशीन काय म्हनतंय आज?"

आलेख तिच्यासमोर उघडाच होता. बाहेर ओसरीवर अण्णा कुणाशी तरी बोलत होते. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता. तिच्या मनात देवळापुढचं पटांगण उभं राहिलं. सगळ्यांचे दात दिसणारं. आजही नाही आलं तर? अश्विनीच्या लग्नात हिनं खोडा घातला म्हणतील. अण्णा पुन्हा मातीकडं बघत उभे राहतील.

"तसं काही विशेष नाही, चाचा," ती म्हणाली.

"मग बांधू कनात?"

"बांधा."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ तशीच बसली. मग लॅपटॉप मिटला आणि साडी निवडायला लागली.

दुपार कलताना वऱ्हाड आलं. हवा अशी कोंडली होती की बायका पदरानं वारा घेत होत्या. हर्षाली मुद्दाम अशा जागी बसली जिथनं कनातीच्या फटीतून हरिश्चंद्रगडाची बाजू दिसेल. आधी तिकडं पांढरा ढग होता, कोबीच्या गड्ड्यासारखा. बघता बघता तो वर वर चढत गेला आणि त्याचं बूड निळंकाळं झालं. ती उठली. कासमभाई जनरेटरपाशी उभे होते, त्यांच्याकडं निघाली. एवढंच सांगायचं होतं, चाचा, कनात सोडा, माणसांना शाळेत न्या.

वाटेत कमिटीतली माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यातला भिका तिला बघून म्हणाला, "काय मॅडम, आज ऊन का पाऊस?" बाकीचे गालात हसले. भिकाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हर्षाली जागच्या जागी थांबली, शेजारच्या टेबलावरचा सरबताचा ग्लास उचलला, जणू त्याच्यासाठीच आली होती, आणि परत येऊन बसली.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा वारं आलं. येतं येतं म्हणत आलं नाही, एकदम आलं. धुळीची भिंत मैदानात शिरली आणि कनात आत फुगली. वरचं छत फाडकन वर उचललं गेलं. कासमभाई ओरडत होते, "शाळेत पळा! खांबापासून लांब व्हा!" त्यांनी स्वतः धावत जाऊन कनातीच्या दोऱ्या कापल्या. त्यांनी त्या कापल्या म्हणून अर्धा मांडव जागेवर राहिला आणि माणसांना पळायला वाट मिळाली. शेवटची दोरी कापताना मात्र पश्चिमेकडचे लोखंडी पाइप कोसळले, आणि त्यातला एक त्यांच्या कंबरेवर आला. मागोमाग गारा पडायला लागल्या.

लग्न शाळेच्या व्हरांड्यात लागलं. कासमभाईंना जीपमध्ये घालून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाकी कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावात बोलणं सुरू झालं. खुंट्या वरवर ठोकल्या होत्या, म्हातारपणी भाईचा हात ढिला पडला, पाइप जुने होते, थोडक्यात वाचलो. हर्षालीनं हे किराणा दुकानात ऐकलं, नळावर ऐकलं. पुढच्या लग्नांची बोलावणी एकेक करून दुसऱ्या मांडववाल्याकडं गेली. तिला कुणी काहीच म्हणालं नाही. तिनं काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं यावेळी ती चुकलीही नव्हती. अण्णा तर एकदा चहा पिताना म्हणाले, "बरं झालं तू मधी पडली न्हाईस." ती उठून आत गेली आणि मोरीत उभी राहून नळ सोडून ठेवला.

तिला दवाखान्यात जायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी ती गेली. कासमभाई पायाला वजन बांधून पडले होते. शेजारी त्यांची बायको जहाँआरा आणि तहरीम बसल्या होत्या. हर्षालीला बघून कासमभाईंचा चेहरा उजळला, आणि ते तिला पाइपापेक्षा जास्त लागलं.

"ये बेटा. तोंड का उतरलंय? तू कशाला मनाला लावून घेतेस? मशीनच ते, चुकायचंच. यात्रेला एका बाजूला चुकलं, आता दुसऱ्या बाजूला."

त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं, "ही आमच्या पोरीची मॅडम. आभाळाचा हिशोब करते. लई हुशार."

हर्षाली पिशवीतली मोसंबी काढून ठेवत राहिली.

निघताना तहरीम जिन्यापर्यंत आली. "मॅडम, तो प्रोग्रॅम मला दाखवाल का? कुठं चुकतंय ते दोघी मिळून शोधू. अब्बांना तेवढंच बरं वाटेल. ते सारखं म्हणतात, तिला त्रास होत असेल."

"त्या दिवशीचे आकडे उशिरा आले," हर्षाली म्हणाली. "मी चालवला तेव्हा जुनेच होते. म्हणून चुकलं."

तहरीमनं मान हलवली. तिचा विश्वास बसला होता. हर्षाली जिना उतरली, एसटी स्टँडवर आली, ओतूरच्या गाडीत बसली. गाडी सुटायला वेळ होता. खिडकीतून ऊसरसवाल्याचा चरक दिसत होता. आपण आत्ता काय बोललो हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. पहिल्यांदा फोनवर तिनं खरं लपवलं होतं, ते घाबरून. हे मात्र तिनं रचून सांगितलं होतं, तेही जिला ती शिकवते तिला, आणि तिचा बाप वर खाटेवर पडलेला असताना. झाकणाचा हिशोब घातल्यापासून ज्या आलेखानं तिला एकदाही फसवलं नव्हतं त्याच्यावर आळ घालून ती सुटली होती. गाडी भरत आली तशी ती उतरली. मागून कंडक्टर ओरडला, ताई, पिशवी. तिनं पिशवी घेतली आणि पुन्हा दवाखान्याचा रस्ता धरला.

कासमभाईंच्या खाटेपाशी ती उभीच राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"चाचा, मशीन चुकलं नव्हतं. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर सगळं दिसत होतं. मोठं वादळ येणार हे मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला कनात बांधा म्हणाले." मग तहरीमकडं वळून, "आणि मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले."

जहाँआराच्या हातातली वाटी तशीच राहिली. कासमभाईंना आधी नीट कळलंच नसावं. ते तिच्याकडं बघत राहिले.

"माहीत व्हतं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"लोक हसतील म्हणून."

मग कासमभाई हळू आवाजात म्हणाले, "मी हसलो व्हतो का?"

कासमभाईंनी मान दुसऱ्या बाजूला वळवली. कूस बदलता येत नव्हती त्यांना, नुसती मान वळली. तहरीम उठून बाहेर गेली. जाताना ती हर्षालीच्या अगदी जवळून गेली पण तिच्याकडं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी हर्षालीनं अण्णांना सगळं सांगितलं. धर्माजी ऐकत राहिले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

"तुला गप बस म्हणलो मी," ते म्हणाले.

"तुम्ही गावाला सांगू नको म्हणाला होता, अण्णा. चाचांनी तर स्वतःहून विचारलं होतं."

धर्माजींनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. "उद्या ग्रामसभा हाय. खुंट्यांचं बोलतात ना लोक, त्यांच्यापुढं सांगायला पायजे. मी येतो संगट."

ग्रामसभेत आधी रस्त्याचा विषय चालला, मग टँकरचा. हर्षाली मागच्या भिंतीशी उभी होती. विषय संपल्यावर धर्माजी उठले आणि म्हणाले, "माझ्या पोरीला दोन शब्द बोलायचंत."

तिनं ठरवून आणलेलं सगळं विसरायला झालं. ती एवढंच म्हणाली की, वादळ येणार हे तिला सकाळी ठाऊक होतं, कासमभाईंनी फोन करून विचारलं होतं, आणि तिनं त्यांना खोटं सांगितलं. त्यांच्या खुंट्या पक्क्या होत्या. कनात बांधायची त्यांची तयारी नव्हती. ती तिच्या सांगण्यावरून बांधली. दोऱ्या त्यांनी कापल्या नसत्या तर आणखी माणसं जखमी झाली असती.

कुणी हसलं नाही. यात्रेच्या दिवशी हसले होते, तेव्हा निदान त्या हसण्यात आपलेपणा होता, असं तिला आत्ता वाटलं. आता माणसं तिच्याकडं बघत होती आणि मग नजर काढून घेत होती. पुढच्या रांगेत रत्नाबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या अश्विनीचं लगीन व्हतं गं ते. तुझी मैतरीण ना ती?" आवाज चढलेला नव्हता. भिका खालमानेनं चप्पल शोधत होता. ग्रामसेवकानं घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला.

घरी जाताना बाप-लेक शेतातल्या वाटेनं गेले, रस्त्यानं गेले नाहीत. धर्माजी पुढं चालत होते. मध्येच थांबून त्यांनी काटेरी झुडपाची फांदी बाजूला धरली, ती पुढं गेल्यावर सोडली.

पावसाळा लागला तेव्हा कासमभाई घरी आले. काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. गावातलं खुंट्यांचं बोलणं थांबलं होतं, दिवाळीनंतरच्या दोन-चार लग्नांची बोलावणी पुन्हा त्यांच्याकडं आली, पण उभं राहून काम करणं आता त्यांचा पुतण्या फैजान बघणार होता. मांडवाचं फाटलेलं छत ओसरीवर ढिगानं पडलं होतं. जहाँआरा आणि तहरीम रोज थोडं थोडं शिवत होत्या.

हर्षाली रविवारी तिथं जायला लागली. पहिल्या रविवारी तिला कुणी बस म्हणालं नाही. ती उंबऱ्याजवळ बसली आणि कापडाचं एक टोक ओढून घेतलं. जहाँआरानं सुईदोरा तिच्या बाजूला सरकवला. तहरीम आत अभ्यास करत होती, बाहेर आली नाही. आतल्या खोलीतून काठीचा आवाज यायचा, कासमभाई चालण्याचा सराव करत असायचे. एकदा ते दारात येऊन थांबले, हर्षालीकडं बघितलं, "आलीस?" म्हणाले आणि पुन्हा आत वळले. त्या एका शब्दात राग होता की नव्हता हे तिला ठरवता येईना. तो शब्द घेऊन ती आठवडाभर हिंडली.

पुढच्या खेपेला बाहेर जोराचा पाऊस चालू होता. छताच्या मधल्या भागात एक लांब फाट होती. तिनं ती दुपारभर बसून शिवली. बोटं दुखायला लागली होती. झाल्यावर तिनं कापड जहाँआराकडं दिलं. जहाँआरानं चष्मा लावला, शिवण उजेडाकडं धरली, मग दोन्ही हातांनी कापड ताणून बघितलं. टाके लांब पडले होते. मध्ये मध्ये उजेड दिसत होता.

"हे वाऱ्यात टिकायचं न्हाई," जहाँआरा म्हणाली. तिनं कात्रीच्या टोकानं शिवण सगळी उसवली आणि कापड पुन्हा हर्षालीच्या मांडीवर ठेवलं.

"बारीक टाका घाल. दुहेरी दोरा घे."

हर्षालीनं दोरा दुहेरी केला, सुई उजेडात धरली आणि पहिल्यापासून शिवायला लागली.